घरटी एक

५ एप्रिल २०२१, सोमवार

कॉलेजातून फोन आला. बाबूसिंग सर ॲडमिट आहेत, ऑक्सिजन लावला आहे. गेल्या गुरुवारी पेपरांचे गठ्ठे द्यायला सेनगावला गेलो होतो, तेव्हा आम्ही दोघांनी स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून चहा घेतला. माझा मास्क हनुवटीखाली होता. त्यांचाही होता, असं आठवतं. पण हे खरंच आठवतं आहे, की दोष दोघांत वाटून घ्यायला बरं पडतं म्हणून आठवतं आहे, ते सांगता येत नाही.

घशात खवखव आहे. ती सकाळपासून आहे की फोन आल्यापासून, हेही नक्की माहीत नाही.

निताला सांगितलं. म्हणाली, "हळदीची धूळ बसली असंल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा." तिचंही अंग ठणकतंय म्हणे. दोन दिवस ती संतरामच्या शेतावर हळद वेचायला गेली होती, अंग ठणकणारच. मी मात्र कुठेही वाकलेलो नाही, काही उचललेलं नाही. माझ्या अंगदुखीला असं कारण देता येत नाही, म्हणून भीती वाटते.

मायला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला दमा आहे.

६ एप्रिल, मंगळवार

संतरामच्या शेतावर कुकर लागला. मोठ्या लोखंडी ड्रमांत वाफेवर हळद शिजते आहे आणि तिचा उग्र, मातकट वास आमच्या सबंध साखरा गावावर बसला आहे. मी पहाटे उठून मागच्या दारात उभा राहिलो आणि छाती भरून वास घेतला. आला. मग घरात येऊन पुन्हा दारात गेलो, पुन्हा घेतला. कोरोना झाला की वास जातो म्हणतात. माझा अजून गेलेला नाही.

निता चुलीपाशी होती. तिला विचारलं, "तुला येतो ना वास?"

"सबंध गावाला येतो, मला काहून येणार न्हाई? तुमी तुमचं नाक बघा."

हळदीचं काम आमच्याकडे सावडीवर चालतं. आज त्यांच्या शेतात आपण, उद्या आपल्या शेतात ते, घरटी एक माणूस. आमच्या घरून निता जाते. मला कॉलेज असतं, हे कारण गाव वर्षानुवर्षं मान्य करत आलं आहे. कॉलेज गेल्या महिन्यापासून बंद आहे, तरी मी तेच कारण वापरतो आहे आणि गाव तरीही मान्य करतं आहे.

७ एप्रिल, बुधवार

बाबूसिंग सरांची तब्येत तशीच. मला रात्री घाम आला. पंखा बंद होता, तरीसुद्धा.

वांग्याच्या भाजीत मीठ एवढं पडलं होतं की मायनं पहिला घास ताटात परत ठेवला. "अगं, पोतं उपडं केलं का भाजीत?" निता आपली जेवत होती. म्हणाली, "बराबर तर हाय." आणि खरोखरच सगळी भाजी खाल्ली. राग आला की ती असं मुद्दाम करते, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण राग कशाचा, ते कळेना. काल मी माझा कप तीनदा घासला, तिला ते लागलं असेल. की तिच्या हातचा चहा घेताना मी तोंड फिरवलं म्हणून? मी तर तिच्याच काळजीने फिरवलं.

आज तिनं अंथरूण मागच्या खोलीत, पोत्यांच्या कडेला घातलं. कारण दिलं, उकाडा होतो. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

सकाळचा चहा तिनं हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि लांब सरकली. तोंडाला पदर. बायको आपल्या सावलीलाही उभी राहत नाही, हे बघणं कठीण आहे. पण तिला दोष कसा देऊ? बाबूसिंग सरांचं मीच तर तिला सांगितलं.

८ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून सरपंच उत्तमरावांनी पुकारा केला. सावडीला माणसं एकत्र येतात, तालुक्यावरून विचारणा झाली आहे, तेव्हा उद्या घरटी एका माणसानं सेनगावला जाऊन टेस्ट करून घ्यावी. ज्या घराची टेस्ट निगेटिव्ह, त्या घराच्या शेतात कुकर लागेल.

पारावर गेलो. मास्क लावून, लांब उभा राहिलो. कोणाच्या घरून कोण जाणार, याची चर्चा चालू होती. मयतीला, तेरवीला, नालीच्या श्रमदानाला ठरवतात तशीच.

"आमच्या घरून मीच," संतराम म्हणाला. "म्हातारी खोकून राहिली, तिला जीपमधून धुळीत कुठं नेता? अजून खोकंल."

"तुझ्या नाकात काडी जाईल का पण? नाक हाय का भुईमुगाची शेंग!"

"काडी पार मेंदूला लागते म्हणे."

"मग तुला काय भ्याव? तुझ्याकडं रिकामीच जागा हाय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना खोकला येतो का ते पाहिलं. नाही आला.

लोकांनी समजूतदारपणे ठरवलं असं वाटलं. दुखणाईत माणसाला प्रवास नको, जो धड आहे त्यानं जावं. आमच्या घरून मी जाणार. संशय माझ्यावरच आहे, तेव्हा जाणं माझंच कर्तव्य. निताला सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "जा. तुमच्या मनाची तरी खात्री होऊ द्या."

मनाची. म्हणजे तिला वाटतं, माझं सगळं मनाचंच आहे. मग ती पदर लावून लांब का बसते?

९ एप्रिल, शुक्रवार

हे सविस्तर लिहितो.

जीपमध्ये आम्ही बारा-तेरा जण होतो. एकमेकांना खेटून बसून टेस्टला निघालो होतो, आणि हे फक्त मलाच चुकीचं वाटत होतं. मी बाहेर डोकं काढून बसलो. तूर काढून मोकळी झालेली रानं, ठिकठिकाणी हळदीची वाळवणं. एरवी मी हा रस्ता वर्गात मुलांना काळ्या मातीचं उदाहरण म्हणून सांगतो. आज मला वाटत होतं की येताना या जीपमध्ये मी नसेन.

दवाखाना डॉक्टर अय्याजचा. बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांचा. तो अकरावी-बारावीला माझ्याकडे होता. बाहेर मंडप टाकला आहे आणि खुर्च्या लांब लांब मांडल्या आहेत. लोकांनी त्या ओढून जवळ घेतल्या होत्या. रुक्सार नावाची सिस्टर पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात घामानं भिजलेली होती आणि प्रत्येकाला तेच विचारत होती.

"ताप? खोकला?"

"काईच न्हाई. दणकट हाव."

"मग कशाला आले?"

"सरपंचानं सांगितलं."

माझा नंबर येईपर्यंत मी तीनदा उठून जायचं ठरवलं. मनात एकच हिशेब चालला होता: पॉझिटिव्ह निघालो तर घराला पत्रे ठोकतील, मायला कोण सांगणार, लेकीची, प्रतिक्षाची, बारावीची परीक्षा कशी होणार. लिहिताना आता लक्षात येतं की त्या हिशेबात निता नव्हती. ती सगळं बघेल, असंच मी धरून चाललो होतो.

रुक्सारनं डोकं मागे करायला सांगितलं. काडी आत गेली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते नुसतं काडीचं नव्हतं.

मग ती पांढरी पट्टी. तिच्यावर थेंब टाकले आणि रुक्सार पुढच्या माणसाकडे गेली. मी वाकून बघत होतो. हळूहळू एक लाल रेघ उमटली. मी खुर्चीचा हात धरला. संतराम शेजारून म्हणाला, "सर, काय झालं?" मी फक्त रेघ दाखवली.

रुक्सार परत आली. "सर, एक रेघ तो सबकी आती है. किट चांगली आहे म्हणून येते. दुसरी आली तर पॉझिटिव्ह. थांबा ना जरा."

थांबलो. दुसरी आली नाही. तिनं पट्टी उजेडात धरली, अय्याजला दाखवली. निगेटिव्ह.

अय्याज बाहेर आला. मास्कमधून नुसते डोळे दिसत होते, ते फार थकलेले होते. "सर, ही टेस्ट कधी कधी चुकते. त्रास वाढला तर परत या. घरी बाकी सगळे?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

तो पुढच्या माणसाकडे वळला. मी मंडपाबाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि पुष्कळ वेळ धूत राहिलो.

साखऱ्याचे सगळेच्या सगळे निगेटिव्ह. येताना जीपमध्ये पहिल्यांदा लोक मोठ्यानं बोलले.

घरी आलो. मायच्या पाया पडलो, तिला काही कळलं नाही. निताला म्हटलं, "आपलं घर निगेटिव्ह!" ती मागच्या दाराशी उभी होती. "बरं झालं," म्हणाली, "देवानं ऐकलं." आणि आत गेली. मला वाटलं होतं, आज तरी ती अंथरूण बाहेर आणेल.

१२ एप्रिल, सोमवार

आमच्या शेतात कुकर लागला. निगेटिव्ह घरांची सगळी माणसं आली. प्रतिक्षानं आणि शेजारणींनी स्वयंपाक केला. निता जेवण वाढायला आलीच नाही. भट्टीच्या तोंडाशी एकटीच बसून जाळ सारत होती. एवढ्या उन्हात, एवढ्या आचेपाशी. बायका तिला हाका मारत होत्या, "ये की गं, घोटभर पाणी तरी पी." ती हातानंच नको म्हणायची. कुणी जवळ गेलं की म्हणायची, "लांब राहा, वाफेनं भाजंल." मला थोडी लाज वाटली. लोक काय म्हणतील, सरांची बायको माणसात मिसळत नाही.

संध्याकाळी तिला म्हणालो, "माझा रिपोर्ट तू स्वतः पाहिलास. अजून किती दिवस हे सोवळं चालणार?"

"थांबा थोडं," ती म्हणाली. "पाडवा होऊ द्या. हळद वाळू द्या."

हळद वाळण्याचा याच्याशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. माझा आवाज वाढला असता.

१३ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी प्रतिक्षानं उभारली. माय चिडली. "घरची लक्ष्मी कुठं हाय? पाडव्याला पण निजून राहिली?" निता उशिरा उठली. तोंड सुजल्यासारखं. हळदीच्या कामानं दमते, पण सणाला एवढं दमू नये.

गूळ घालून कालवलेला कडुलिंब मी सगळ्यांना दिला. तिनं माझ्या हातून घेतला नाही. नुसता पाला उचलला, मूठभर, आणि चावून खाल्ला. गूळ नाही, काही नाही. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. प्रतिक्षा म्हणाली, "मम्मी, कडू न्हाई लागत?" ती म्हणाली, "सवय झाली."

हे वाक्य माझ्यासाठी होतं. दिवसभर मनातून गेलं नाही. वीस वर्षांच्या संसारात ही बाई काय काय गिळत आली असेल? मी दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात देतो. एवढ्यानं माणूस चांगला नवरा होतो असं मी धरून चाललो होतो.

माझी खवखव पूर्ण गेली आहे. बाबूसिंग सर काल वारले. आज सणाला हे घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या टेबलावर माझी छत्री राहिली आहे.

१५ एप्रिल, गुरुवार

हिंगोलीत, दवाखान्याच्या आवारात बसून लिहितो आहे. वही गुडघ्यावर आहे, अक्षर मलाच लागणार नाही.

दुपारी निता माळवदावर वाळत घातलेली हळद हलवायला गेली. थोड्या वेळानं प्रतिक्षा ओरडली. निता शिडीच्या पायथ्याशी बसली होती, भिंतीला टेकून, तोंड उघडं. मी विचारलं, "चक्कर आली का?" तिला उत्तर देता येईना. एक शब्द बोलायची आणि श्वास घ्यायची. ओठ जांभळट. गावातल्या आशा सेविका ताईंकडचं ते बोटाला लावायचं यंत्र प्रतिक्षानं पळत जाऊन आणलं. त्यावर ऑक्सिजन ७९ आला. मी यंत्र काढून पुसलं आणि माझ्या बोटाला लावलं. ९८. देवा, मी हे का केलं? यंत्र बरोबर आहे का पाहायला, असं मी मनाला सांगितलं. पण तिच्या बोटावरून ते काढायचं सुचलं कसं?

संतरामनं जीप काढली. त्यानं विचारलं नाही की काय झालं. त्याच्या आईला सकाळीच सलाईन लावून आणलं होतं, म्हणाला.

जीपमध्ये मी तिला धरायला गेलो. तिनं तळहात पुढे केला. "जवळ... येऊ नका."

तेव्हा मला कळलं. उंबऱ्यावरचा चहा, पोत्यांची खोली, भट्टीपाशी एकटीनं बसणं. एकेक आठवत गेलं आणि प्रत्येक वेळी मी या वहीत काय लिहिलं आहे तेही आठवत गेलं.

"कधीपासून?"

"हळदीचा... वास... गेला... तवापासून."

"मला का नाही सांगितलं?"

ती बराच वेळ नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, आणि मध्ये मध्ये थांबत म्हणाली, "घरभर तुमचीच भीती होती. माझी कुठं ठेवू?"

संतराम पुढे होता. त्यानं ऐकलं असेल.

सेनगावला अय्याजनं तिला मंडपातच खुर्चीवर बसवून सिलेंडर लावला. रुक्सारनं काडी घातली. यावेळी थांबावं लागलं नाही. थेंब पडले आणि दोन्ही रेघा एकदमच वर आल्या, दुसरी जास्त गडद.

मी म्हणालो, "पण आमचं घर निगेटिव्ह होतं." खरंच म्हणालो. अय्याजनं माझ्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. "सर, निगेटिव्ह तुम्ही होतात," एवढंच म्हणाला आणि हिंगोलीला बेडसाठी फोन करायला लागला.

बेड मिळाला. तिला आत नेलं. मला आत सोडत नाहीत.

१७ एप्रिल, शनिवार

निता मास्कवर आहे, ऑक्सिजन वर-खाली होतो आहे. डॉक्टर म्हणाले, पुढचे काही दिवस सांगता येत नाही. प्रतिक्षाच्या मामाला फाटकापाशी बसवून मी सकाळी गावात आलो.

उत्तमरावांच्या वाड्यासमोर रस्त्यात उभं राहून हाक मारली. आत गेलो नाही. त्यांना आधीच कळलं होतं.

"सर, तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह होता," ते म्हणाले. "त्याच्या भरवशावर गाव तुमच्या शेतात आलं. माझी सूनसुद्धा आली होती."

"होय."

"मंग आता काय म्हणता?"

मी रात्रभर विचार केलेला होता, तो सांगितला. आपण घरटी एक माणूस पाठवलं, आणि प्रत्येक घरानं त्यातल्या त्यात धडधाकट माणूस पाठवलं. मयतीला पाठवतो तसं. जो जाऊ शकतो तो घराच्या वतीनं जातो. पण कुणी कुणाच्या वतीनं आजारी पडत नाही. मी भूगोल शिकवतो, एम.ए. आहे. मला हे त्याच दिवशी पारावर कळायला हवं होतं. उलट मला ते समजूतदारपणाचं वाटलं.

उत्तमराव कट्ट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता मला शिव्या देतील. तशी मी तयारीही केली होती, थोडी इच्छाही होती.

"आमच्या घरून मी गेलो होतो," ते म्हणाले. "आमची ही तवा चार दिसांपासून आतल्या खोलीत निजून होती. अजून हाय." मग आतल्या दाराकडे पाहून आवाज एकदम खाली आणला. "लोक सरपंचाच्या घराला पत्रे ठोकतील म्हणून मी... सर, ती आता पाणी पण न्हाई पिऊन राहिली."

ते कट्ट्यावर, मी रस्त्यात.

दुपारी भोंगा वाजला. उत्तमरावांनी आधी स्वतःच्या बायकोचं सांगितलं. मग म्हणाले, "घरात जे निजून हाय त्याला आधी भाईर काढा. दणकट माणसं मागून."

१९ एप्रिल, सोमवार

प्रतिक्षाला आणि मायला घेऊन सेनगावला गेलो. माय म्हणत होती, "माझी कशाला? तुझी झाली ना एकदा!" तिला ओढतच नेलं.

मंडपात साखऱ्याची माणसं ओळखू येईनात. गेल्या खेपेला सगळे हसत खिदळत आलेले गडी होते. आज ज्या बाया, म्हातारे गेले पंधरा दिवस मला रस्त्यात दिसले नव्हते ते सगळे तिथं होते. गोधडीत गुंडाळलेले, खाटेवर घालून आणलेले, लेकराच्या खांद्यावर मान टाकलेले. उत्तमरावांची बायको जीपमध्येच आडवी होती, रुक्सार तिथंच गेली. संतरामनं आईला पाठकुळी आणलं होतं. रुक्सारनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "या अल्लाह, हे सगळे कुठं होते?"

प्रतिक्षा पॉझिटिव्ह. त्रास नाही, पण आईचं सगळं तीच करत होती. तिला माहीत होतं. "मम्मीनं शपथ घातली होती," म्हणाली आणि रडली. माय निगेटिव्ह. मी पुन्हा निगेटिव्ह. अय्याजला नवल वाटलं, एका घरात राहून तुम्ही दोघं वाचलात कसे. मी त्याला सांगितलं कसे ते.

संतरामच्या आईला तिथून पुढे हलवेपर्यंत ती गेली.

तिचा खोकला आमच्या टेस्टच्या आधीचा. निता संतरामच्या शेतात दोन दिवस होती. म्हणजे आजार तिकडून आमच्याकडे आला असेल. आमच्याकडून तिकडे गेला नसेल. हे सुचल्यावर मला क्षणभर हलकं वाटलं. संतराम तिथंच खाली मातीत बसलेला होता आणि मला हलकं वाटलं. तेही इथं लिहून ठेवतो.

२२ एप्रिल, गुरुवार

हिंगोली. दुपार. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली आम्हा नातेवाइकांची वस्ती झाली आहे. चटया, डबे, मोबाईलच्या वायरी. आतून कुणी नाव पुकारलं की सगळे एकदम उभे राहतात, आणि ज्याचं नाव नसतं तो हळूच बसतो.

निताचा फोन आज पहिल्यांदा लागला. सिस्टरनं तिच्या उशाशी धरून दिला असावा. मास्कमुळे आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"हो."

"माय?"

"बरी आहे. प्रतिक्षाला काही त्रास नाही." मग मी सांगायला लागलो की मला झोप लागत नाही, छाती धडधडते, काल पुन्हा टेस्ट करावी असं वाटलं. आणि मध्येच थांबलो. ती ऐकत होती. नेहमीसारखी ऐकत होती.

मी विचारलं, "तुला भीती वाटते का?"

मास्कमधून दोन श्वास ऐकू आले.

"व्हय," ती म्हणाली. "लई."

मग बोलत राहिली. थोडं बोलायची, थांबायची. शेजारच्या खाटेवर गोरेगावची एक बाई होती, दोघी खुणांनी बोलायच्या. काल सकाळी उठून पाहिलं तर ती खाट रिकामी आणि चादर नवीन. विचारलं तर कुणी सांगेना. पहिल्यांदा वास गेला तेव्हा तिनं हळदीची बुकटी तोंडात टाकून पाहिली होती, मग मिरची, मग रॉकेलची बाटली नाकाला लावली, आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसली. वाटलं, आता आपलं कसं होईल. मी त्याच वेळी दारात उभा राहून वास घेत होतो, ते तिला दिसत होतं. यात टोमणा नव्हता. ती सांगत होती, एवढंच.

"झोप येते?" मी विचारलं.

"येते. पण झोपत न्हाई. झोपले की श्वास घ्यायचा इसरून जाईन, असं वाटतं."

काही होणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते मला माहीत नाही. ते मी माझ्यासाठीच म्हणालो असतो.

"झोप," मी म्हणालो. "फोन उशीवर राहू दे, कानापाशी. बंद करू नकोस. मी इकडून ऐकतो. तू विसरलीस असं वाटलं तर हाक मारीन."

"मोठ्यानं मारा."

"मोठ्यानं मारीन."

"लोक हसतील."

"हसू दे."

थोडा वेळ चादरीची खसखस ऐकू आली. आता ती झोपली आहे. श्वास येतो, अडतो, पुन्हा येतो. मागे कुठलंतरी यंत्र वाजतं आहे, ते वेगळं काढून तिचा श्वास ऐकावा लागतो. फोन डाव्या कानाशी खांद्यानं दाबून धरला आहे आणि उजव्या हातानं हे लिहितो आहे. आत्ता वरचं वाक्य लिहीत असताना एक श्वास माझ्याकडून ऐकायचा राहिला.

लिहिणं थांबवतो.